भिंती बंद होण्याआधी: लो-व्होल्टेज वायरिंगचा माणूस कसा पारखावा

प्रश्न थोडक्यात असा: दोन मजली घराचं नूतनीकरण चालू आहे, भिंती अजून उघड्या आहेत. इलेक्ट्रिशियन म्हणतो, इंटरनेट, कॅमेरे, व्हिडिओ डोअरफोन, स्पीकर यांच्या, म्हणजे ‘लो-व्होल्टेज’च्या, वायरीही मीच ओढून देतो, त्यासाठी वेगळा माणूस कशाला? तो काम चांगलं करतो, त्याला दुखवायचंही नाही. मग वेगळा माणूस खरंच लागतो का? आणि लागत असेल तर तो ओळखायचा कसा?

लागतो. गेली २२ वर्षं मी हेच काम करतो, तेव्हा मी असं म्हणणारच, हे गृहीत धरून पुढचं वाचा.

आधी वेळेचं बोलू, कारण ती चुकली तर बाकी सल्ल्याचा फारसा उपयोग उरत नाही. हा माणूस झिऱ्या (पाइपसाठी भिंतीतल्या खाचा) मारण्याआधी साइटवर यायला हवा. इलेक्ट्रिशियन भिंतीवर खडूने बोर्डांच्या खुणा करतो, त्याच दिवशी आला तर उत्तम. मला बरेचसे फोन येतात ते रंगाचा दुसरा हात चालू असताना. तेव्हा माझ्याकडे एकच गोष्ट उरलेली असते: पांढरी पट्टी ठोकून कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवलेली केबल. चालते ती, पण कायम डोळ्यांत खुपते.

नावात एक घोळ आहे, तोही इथेच सांगून टाकतो. आपण बोलताना ज्याला ‘लो-व्होल्टेज’ म्हणतो त्याला आंतरराष्ट्रीय मानकांत ‘एक्स्ट्रा-लो व्होल्टेज’ असं नाव आहे. त्याची मर्यादा एसीला ५० व्होल्ट आणि डीसीला १२० व्होल्ट. त्याच मानकांतलं ‘लो व्होल्टेज’ एसीच्या १००० व्होल्टपर्यंत जातं, म्हणजे दिवे-पंख्यांची नेहमीची वीज त्यात आली. कुणी ‘लो व्होल्टेज’ असं छापलेलं प्रमाणपत्र पुढे केलं तर ते कोणत्या अर्थाने आहे ते विचारा. अनेकदा तो साध्या वीजकामाचा परवाना असतो. परवान्याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात, ते तुमच्याकडे काय आहेत ते पाहून घ्या. नेटवर्क केबलिंगच्या डिझाइनसाठी बिक्सी या संस्थेची आरसीडीडी ही पात्रता जगभर मानली जाते. पण घराच्या कामाला तेवढा माणूस मिळेल असं नाही, आणि नसला म्हणून बिघडत नाही.

आता इलेक्ट्रिशियन का नको ते सांगतो. त्याच्या कामात वीज येते किंवा येत नाही. वायर थोडी जास्त वाकली, जोरात ओढली गेली, जंक्शन बॉक्समध्ये पीळ देऊन टेप लावली, तरी दिवा लागतो. डेटा केबल अशी एकदम मरत नाही, ती आजारी पडते. तिच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला वेगळ्या मापाचा पीळ. बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट हा पीळच अडवतो. टोकाला पंच करताना, म्हणजे तारा सॉकेटच्या खाचांत दाबून बसवताना, पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही. केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान त्रिज्येत तिला वाकवायचं नाही. ओढताना ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ११ किलोच्या वजनापेक्षा जास्त ताण द्यायचा नाही. पाइपमध्ये अडकलेली वायर दोन माणसं पाय रोवून खेचतात तेव्हा हा आकडा कधीच मागे पडलेला असतो. वर नायलॉनचा टाय करकचून आवळला की आतल्या जोड्या चेपतात. म्हणून आम्ही वेल्क्रोची पट्टी वापरतो.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका ऑफिसात पाइप कमी पडला म्हणून मी दोन डेटा केबल एअर कंडिशनरच्या पॉवर लाइनच्याच पाइपमधून नेल्या. टेस्टरवर आठही दिवे लागले आणि मी बिल दिलं. मग तक्रार सुरू झाली: दुपारी इंटरनेट मंदावतं, अधूनमधून तुटतं. मी नेटवर्कचा स्विच बदलला, पुन्हा बदलला. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की कॉम्प्रेसर सुरू झाला की तक्रार येते. फॉल्स सीलिंग उघडून दोन्ही केबल नव्याने टाकल्या, माझ्या खर्चाने. नेट मंद झालं हा भाग सोडा. एका पाइपमध्ये दोन्ही वायरी असताना पॉवरच्या वायरीचं इन्सुलेशन खरचटलं तर मेन लाइनचा दाब तुमच्या कॅमेऱ्यापर्यंत आणि तुमच्या हातापर्यंत पोचू शकतो, हा खरा धोका. तेव्हापासून माझा नेम आहे: समांतर जायचं तर किमान ३०० मिलिमीटर अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात. एक जागा मात्र उलट्या बाजूची आहे: दाब कमी, तरी वागणूक मेन लाइनची. दिव्यांच्या डिमिंगसाठी डाली नावाची पद्धत असते. तिच्या तारांत १६ व्होल्टच्या आसपास दाब असतो, तरी तिचं इन्सुलेशन ‘सुरक्षित कमी दाब’ या वर्गात बसत नाही. तिला मेन लाइनच्या वायरीसारखंच वागवायचं. निवडीच्या वेळी हे सहज विचारून पाहा. दिव्यांचं ऑटोमेशन करतो म्हणणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

पारखायचं कसं याचं माझं उत्तर थोडं वेगळं आहे. तो काय उत्तरं देतो यापेक्षा तो काय विचारतो ते ऐका. पहिल्याच भेटीत ‘पॉइंट किती?’ एवढंच विचारून जो दर सांगतो, त्याने घर पाहिलेलंच नाही. जाणता माणूस विचारतो की इंटरनेटची लाइन घरात कुठून शिरते. पलंगाचं डोकं कोणत्या भिंतीला येणार आणि टीव्ही टांगणार की टेबलावर ठेवणार, हेही विचारतो. कोणती भिंत विटांची, कोणती काँक्रीटची, हे तो हाताने ठोकून बघतो. दार कोणत्या बाजूला उघडतं हे त्याला हवं असतं, नाहीतर डोअरफोन दाराच्या मागे जातो. मागच्या अंगणातल्या खोलीत काही न्यायचंय का, हे तो विचारतो. कारण दोन वेगळ्या इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल टाकली तर वीज कडाडल्यावर दोन्हीकडची उपकरणं एकदम जातात, तिथे ऑप्टिकल फायबरच हवी. आणि तो रॅकची, म्हणजे राउटर, स्विच, रेकॉर्डर एकत्र बसवायच्या कपाटाची, जागा मागतो. घरमालकांना ही मागणी सर्वांत जास्त जड जाते. ‘जिन्याखाली कुठेतरी बसवा’ म्हणतात. जिन्याखालच्या बंद कपाटात हवा खेळत नाही, आणि उन्हाळ्यात रेकॉर्डरची हार्ड डिस्क आधी दगा देते. हवा, अर्थिंग असलेला सॉकेट, आणि माणूस मागे हात घालू शकेल इतकी जागा, एवढं द्या.

जुनं काम दाखवायला सांगा, पण नवं कोरं नको. दोन-तीन वर्षं वापरात असलेलं दाखव म्हणावं. नव्या रॅकचे फोटो सगळ्यांचेच देखणे असतात. दोन वर्षांनी लेबलं जागेवर आहेत का आणि नंतर जोडलेली केबल लोंबते की नीट बांधली आहे, ते बघा. त्या घरमालकाला एवढंच विचारा: कॅमेऱ्याचा आणि राउटरचा ॲडमिन पासवर्ड तुमच्याकडे आहे का? ‘तो त्या इन्स्टॉलरलाच माहीत आहे’ हे उत्तर आलं तर पुढे बोलायची गरज नाही.

पासवर्डवरून आठवलं. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी फार हुशारी लागली नव्हती. कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते, त्यांची एक यादी पुरली. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीच्या सर्व्हरवर जो हल्ला झाला आणि मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या, त्यात अशीच उपकरणं वापरली होती. म्हणून हँडओव्हरच्या दिवशी पासवर्ड तुमच्या हाताने बदला, आणि कॅमेऱ्यांचं नेटवर्क घरातल्या बाकी उपकरणांपासून वेगळं ठेवलं आहे का ते विचारा.

केबलबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण फसवणूक इथेच होते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारांची केबल मिळते. डब्यावर बारीक अक्षरात ‘सीसीए’ लिहिलेलं असतं, कधी तेही नसतं. नेटवर्क केबलच्या मानकांना शुद्ध तांबं लागतं, ही केबल त्यांत बसत नाही. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. ती ठिसूळ असते, पंच करताना तुटते. आणि आता कॅमेरे, वायफायचे ॲक्सेस पॉइंट यांना वीजही याच केबलमधून जाते. पोर्टमागे २००३ च्या मानकात १५.४ वॉट होते, २००९ मध्ये ३० झाले आणि २०१८ मध्ये ९० पर्यंत गेले. रोध जास्त म्हणजे गठ्ठ्यात बांधलेली केबल तापणार आणि टोकाला वीज कमी पोचणार.

ओळखायची कशी? तार चाकूने खरवडा. आत पांढरट दिसली तर ॲल्युमिनियम. त्याहून खात्रीचा मार्ग साध्या मल्टिमीटरचा आहे. केबलचा डबा ३०५ मीटरचा असतो. एका टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकमेकींना जोडा आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजा. मानक १०० मीटर तारेला ९.३८ ओहमपेक्षा जास्त रोध चालवून घेत नाही. जाऊन-येऊन ६१० मीटरला ती मर्यादा साधारण ५७ ओहम होते. चांगल्या तांब्याच्या केबलला मला ४० ते ५२ च्या दरम्यान आकडा मिळतो. साठीच्या पुढे गेला की डबा परत. ही तपासणी डबा उघडल्यावर पाच मिनिटांत होते, आणि माणूस प्रामाणिक असेल तर तो स्वतःच करून दाखवतो.

केबलच्या श्रेणीबद्दल (कॅट-६, कॅट-६ए वगैरे) फार डोकं शिणवू नका. कॅट-६ वर सेकंदाला १ गिगाबिट पूर्ण १०० मीटर जातं आणि १० गिगाबिट ५५ मीटरपर्यंत. कॅट-६ए वर १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर, पण ती जाड असते, तिला पाइपही मोठा लागतो. घरात ५५ मीटरची धाव क्वचितच येते, म्हणून माझ्या मते कॅट-६ पुरे. घरासाठी कॅट-८ खपवणाऱ्याला नमस्कार करून निरोप द्या. ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे. त्यापेक्षा वाचलेला पैसा जागोजागी एकाऐवजी दोन केबल टाकण्यात घाला, आणि टीव्हीच्या भिंतीत आत दोरी सोडलेला एक रिकामा पाइप ठेवा. पाइप ४० टक्क्यांहून जास्त भरू नये, आणि दोन ओढ-बॉक्सच्या मध्ये दोनपेक्षा जास्त काटकोन नसावेत. तिसरा काटकोन आला की बॉक्स हवाच.

‘सगळं वायफायवर चालतं, मग वायर कशाला’ असं घरातलं कुणीतरी म्हणेलच. वायफायच्या डब्यापर्यंत वायरच जाते. ५ आणि ६ गिगाहर्ट्झचे सिग्नल काँक्रीटच्या भिंतीत आणि मोठ्या आरशात २.४ गिगाहर्ट्झपेक्षा लवकर दम टाकतात. म्हणून प्रत्येक मजल्याच्या छताला निदान एक केबल मधोमध काढून ठेवायची.

आता टेस्टिंग. मी वर जी चूक सांगितली ती आठ दिव्यांच्या टेस्टरवर पास झाली होती, हे लक्षात ठेवा. तो टेस्टर फक्त तार इकडून तिकडे पोचली का ते सांगतो. ॲल्युमिनियमच्या केबलवरही सगळे दिवे लागतात. आणखी एक चूक त्याच्या हाती कधीच लागत नाही, तिला ‘स्प्लिट पेअर’ म्हणतात. नवखा माणूस तारा ओळीने लावतो: पहिली जोडी १-२ वर, दुसरी ३-४ वर, तिसरी ५-६ वर. दोन्ही टोकांना तसंच केलं की टेस्टर खूश. पण तारा लावायच्या टी-५६८ या प्रमाणित मांडणीत ३ आणि ६ या पिना एका जोडीच्या असतात. इथे त्या दोन वेगळ्या जोड्यांत विभागल्या जातात, पिळाचा फायदा जातो आणि वेग कोसळतो. (ए मांडणी की बी, यावर वाद घालणारे भेटतील. कोणतीही घ्या, दोन्ही टोकांना एकच हवी.) म्हणून करारात लिहून घ्या की प्रत्येक केबलची सर्टिफिकेशन टेस्ट होईल. त्या यंत्राच्या रिपोर्टमध्ये लांबी, सिग्नलची घट, जोड्यांमधला क्रॉसटॉक (एकीचा सिग्नल दुसरीत गळणं), रिटर्न लॉस (सिग्नल उलटा परतणं) असे आकडे केबलच्या नंबरानिशी येतात. यंत्र महाग असतं, सगळ्यांकडे नसतं. भाड्याने आणतो म्हटलं तरी चालेल. ‘त्याची काय गरज, मी इतकी वर्षं करतोय’ हे मात्र चालणार नाही.

टेस्ट दोनदा करा. साधी टेस्ट प्लास्टरच्या आधी, पूर्ण टेस्ट सॉकेट बसल्यावर. मधल्या काळात सुतार खिळा मारतो, गवंडी थापीने केबल कापून गुपचूप गिलावा करतो. असं होतंच, त्यावर रागावून उपयोग नाही. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढून ठेवा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची मापं दिसतील असा. पुढे ड्रिल मारताना हे फोटो कामी येतात.

कॅमेऱ्यांच्या कोटेशनमध्ये ‘एक महिन्याचं रेकॉर्डिंग’ असं मोघम लिहिलेलं असतं. गणित करून घ्या. ४ मेगाबिट प्रति सेकंदाने सतत रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ गिगाबाइट जागा खातो. असे आठ कॅमेरे, ३० दिवस, म्हणजे १० टेराबाइटहून जास्त. कोटेशनमध्ये ४ टेराबाइटची डिस्क असेल तर महिना भरणार नाही, किंवा हालचाल झाली तरच रेकॉर्ड होणार आहे आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

एलईडी पट्ट्या असतील तर व्होल्टेज ड्रॉपचा, म्हणजे वायरीत वाटेतच घटणाऱ्या दाबाचा, प्रश्न विचारा, त्यातून माणूस लगेच कळतो. १२ व्होल्टची ६० वॉटची पट्टी ड्रायव्हरपासून (तिला वीज पुरवणाऱ्या डब्यापासून) १० मीटरवर आहे, वायर १.५ चौरस मिलिमीटरची. प्रवाह ५ अँपिअर, जाण्या-येण्याचा रोध सुमारे ०.२३ ओहम, म्हणजे १.१५ व्होल्ट वाटेतच गेले, जवळजवळ दहा टक्के. पट्टी मंद लागणार. तीच २४ व्होल्टची घेतली तर प्रवाह अर्धा होतो आणि घट अडीच टक्क्यांच्या आत येते. त्याने कागदावर आकडे मांडले नाहीत तरी चालेल, पण ‘२४ घेऊ किंवा ड्रायव्हर जवळ आणू’ हे त्याच्या तोंडून आपणहून यायला हवं.

इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवणार असाल तर एकच प्रश्न: वीज गेली तर हे दार उघडं राहील की बंद? चुंबकाचं कुलूप वीज जाताच सुटतं, काही कुलपं बंदच राहतात. दोन्ही योग्य असू शकतात, पण आतल्या माणसाला विजेविना बाहेर पडता आलंच पाहिजे. आगीच्या अलार्मची गोष्ट वेगळी. इमारतीच्या मोठ्या कामात तो कॅमेऱ्यांच्या ठेकेदाराकडे ‘त्यातच करून टाका’ म्हणून देऊ नका. त्याला आगीत तग धरणारी केबल, स्वतंत्र मार्ग आणि बहुतेक ठिकाणी स्वतंत्र परवानगी लागते.

पैसे तीन टप्प्यांत द्या: पाइप आणि केबल भिंतीत गेल्यावर, सॉकेट आणि रॅक बसल्यावर, आणि शेवटचा हप्ता टेस्ट रिपोर्ट, पासवर्डांची यादी आणि प्रत्यक्ष टाकलेल्या वायरिंगचा नकाशा हातात आल्यावर. तो शेवटचा हप्ता नाममात्र ठेवू नका.

राहता राहिला तुमचा इलेक्ट्रिशियन. त्याला दुखवायची वेळच येत नाही, कारण अर्धं काम त्याचंच आहे. पाइप आणि बॉक्स त्यालाच टाकू द्या. झिऱ्या तो तशाही मारतोच आहे. पाइप कुठून जाणार, किती जाडीचा आणि पॉवरपासून किती लांब, ते लो-व्होल्टेजवाला नकाशावर काढून देईल. केबल ओढणं, पंच करणं आणि टेस्ट करणं त्याचं. दोघांना एकदा साइटवर समोरासमोर उभं करा आणि तीन गोष्टी लिहून घ्या: रॅकजवळचा सॉकेट कोण देणार, स्मार्ट स्विचच्या प्रत्येक बॉक्समध्ये न्यूट्रल कोण आणणार, आणि एलईडी ड्रायव्हरची मेन लाइनची बाजू कोण जोडणार. या तीनही जागी दोघंही ‘मला वाटलं तो करेल’ असं म्हणतात, आणि ते कळतं तेव्हा प्लास्टर वाळलेलं असतं.